महाधिवक्ता कुणाचा वकील?

मुख्यमंत्री तुम्हाला ठाऊक, राज्यपाल ठाऊक. महाधिवक्ता कोण? आमच्या जुहूच्या झोपडपट्टीत मी विचारत फिरलो. बहुतेकांनी खांदे उडवले. एक रिक्षावाला म्हणाला, ‘सरकारचा वकील ना तो? म्हणजे आपल्या विरुद्धचा.’ कायद्याची पदवी घेतलेल्यांनाही इतकं नेमकं सांगता येणार नाही.

घटनेचं कलम 165 काढा. महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतो. मानधन राज्यपाल ठरवतो. पदावर राहायचं राज्यपालाच्या मर्जीनं. आता राज्यपालाची मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी, हे काय सांगायला हवं? आणि मान बघा. एक मत न मागता हा विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलू शकतो, फक्त मत देता येत नाही. तिथं बोलल्याबद्दल त्याला कुठल्या कोर्टात खेचता येत नाही, आमदारासारखं कवच. 1961 च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे कोर्टात त्याचं म्हणणं इतर वकिलांच्या आधी ऐकायचं. तुम्हा-आम्हाला हायकोर्टात कुणावर फौजदारी अवमानाचा अर्ज करायचा असेल तर आधी ह्याची लेखी संमती. आणि आपल्याला फुकट मिळणारा पॅनेलवरचा वकील? तो बिचारा फायली छातीशी धरून शेवटच्या बाकावर.

असू द्या मान. मला त्याची पोटदुखी नाही. पण एवढा बोलण्याचा हक्क घेऊन हा माणूस बोलतो कुणासाठी?

13 जुलै 1981. मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं, फुटपाथवाल्यांना हाकलून गावी पाठवणार. भर पावसात. एका मजुराला बायको आणि तीन पोरींसकट बसमध्ये घालून तमिळनाडूतल्या सेलमला रवाना केलं. त्यांना तिथं सोडून तो कामासाठी परत मुंबईतच आला, कारण पोट मुंबईत होतं. आमच्या शेजारच्या पार्ल्यात हायवेलगत कामराजनगर होतं. हायवेच्या कडेनं पाण्याचे पाइप टाकणाऱ्या मजुरांनी ते वसवलेलं. शहराला पाणी पाजणारे बेकायदा! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. समोरचा पक्ष म्हणाला, ह्यांनी हायकोर्टात हक्क नसल्याचं कबूल केलंय, आता तोंड उघडायचं नाही. कोर्टानं ते उडवून लावलं. मूलभूत हक्क असा कबुलीनं सोडून देता येत नाही. 10 जुलै 1985 चा निकाल सरन्यायाधीश चंद्रचूडांनी लिहिला : जगण्याच्या हक्कात रोजीरोटी आली. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली, बस्स.

आता सांगा, ती घोषणा करण्याआधी महाधिवक्त्याला विचारलं होतं का? विचारलं असेल तर तो काय म्हणाला? माणसं बसमध्ये कोंबा, कायदा मी बघतो? त्याचा सल्ला फायलीत जातो आणि फाईल कपाटात. फी जनतेच्या पैशाची, सल्ला मंत्र्याच्या खिशात.

सत्ता हलली की सरकारी वकिलीचा सूर कसा हलतो ते जुहूतच पाहिलं. 2022 साली नारायण राणेंच्या बंगल्यातलं जादा बांधकाम नियमित करायला महापालिकेनं जूनमध्ये नकार दिला. जूनअखेर राज्यातलं सरकार पालटलं. मग तीच महापालिका हायकोर्टात म्हणते, दुसरा अर्ज विचारात घ्यायला आम्ही तयार! (तो वकील महापालिकेचा, महाधिवक्ता नव्हे. पण वारा तोच.) कोर्टानं सप्टेंबरात ते झिडकारलं, पाडायचा हुकूम दिला, वर दहा लाखांचा दंड. आमच्या दाराशी मात्र 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा मागतात. कागद भिजला तर माणूस बेकायदा.

एच. एम. सिरवई 1957 ते 1974, सतरा वर्षं ह्या पदावर होते. एवढा काळ पद टिकवता येतं. श्रीहरी अणेंनी मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याची भाषा केली आणि मार्च 2016 मध्ये दोन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण राज्य तोडायच्या बोलण्यावर सभागृह पेटतं. झोपड्या तोडायच्या सल्ल्यावर कुठला आमदार बाकावरून उठलाय?

कलम 177 आहे ना? मग वापरा ते. वस्ती पाडायचा निर्णय व्हायच्या आधी महाधिवक्त्याला सभागृहात उभा करा. सरकारला काय सल्ला दिलास, तो सगळ्यांसमोर तोंडानं सांग. नोटीस दिली का, पर्यायी जागा कुठली, पावसाळ्यात पाडणार का? येत्या अधिवेशनाआधी प्रत्येक वस्तीनं आपापल्या आमदाराला एवढं लिहून द्यायचं, आणि त्याची पोच सही-शिक्क्यासकट घ्यायची.