अडतिशीनंतर अर्ज चालत नाही, सत्तरीपर्यंत नोकरी चालते

डीएड-बीएड झालेल्या आपल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक राग वारंवार दिसतो. ‘पेन्शन घेऊन घरी बसायचं सोडून म्हातारे आमच्या जागा अडवतात.’ राग खोटा नाही. पण तो नेमका कुणावर काढायचा, यावर माझं या मित्रमैत्रिणींशी पटत नाही.

आधी झालं काय ते पाहू. शिक्षक अभियोग्यता चाचणी 2017 मध्ये झाली आणि त्यानंतर थेट 2023 मध्ये. मधली पाच वर्षं मुलं वाट बघत राहिली. 2023 च्या मार्चमध्ये निकाल लागला, गुण हातात आले. आणि जुलैमध्ये सरकारने निर्णय काढला की जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यावं, वयाची मर्यादा 70, मानधन महिना 20 हजार. नियमित भरती होईपर्यंतची तात्पुरती सोय, असं कारण दिलं गेलं. पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्यांची यादी आली ती 2024 च्या फेब्रुवारीत.

आता आकडे शेजारीशेजारी ठेवा. पोर्टलवरून रीतसर निवड झालेला नवा प्राथमिक शिक्षक तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ असतो आणि त्याला महिना 16 हजार मिळतात. तेही 2023 पासून, त्याआधी 6 हजार होते. म्हणजे परीक्षा देऊन आलेल्याला 16 आणि परीक्षा न देता परत आलेल्याला 20, शिवाय पेन्शन वेगळी. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांसाठी डीएड-बीएड झालेल्या बेरोजगारांना कंत्राटावर घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्यासाठी मानधन ठरलं 15 हजार. खुल्या गटातल्या उमेदवाराला सरकारी भरतीत अडतिशीनंतर अर्ज करता येत नाही, मागासवर्गीयाला त्रेचाळिशीनंतर. पाच-पाच वर्षं परीक्षाच घ्यायची नाही आणि वय मात्र मोजत राहायचं!

पेन्शनचाही हिशेब आहे. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीला लागलेल्यांनाच जुनी पेन्शन लागू होती. त्यानंतर लागलेल्यांचा प्रश्न घेऊन 2023 च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला. ज्या पिढीला निवृत्तीनंतरची शाश्वती मिळाली तिलाच पुन्हा बोलावणं आणि ज्या पिढीला ती नाही तिला दारात उभं ठेवणं, हे मला अदल वाटत नाही.

तरीही मी निवृत्त सरांना शत्रू म्हणणार नाही. एक तर सगळे निवृत्त सारखे नसतात. विनाअनुदानित शाळेत पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या कितीतरी आपांना पेन्शनचा एक रुपया नाही. त्यांनी पुन्हा वर्ग घेतला तर मी काय म्हणून बोलू? पूर्ण पेन्शन मिळणाऱ्या सरांनी मात्र असा प्रस्ताव नम्रपणे नाकारावा, असं मला वाटतं. आपल्याच हाताखाली शिकलेली मुलगी घरात बसलेली असताना हा प्रश्न कायद्याचा राहत नाही, लिहाजाचा होतो.

दुसरं म्हणजे जागा म्हाताऱ्यांनी अडवलेली नाही. ती सरकारने रिकामी ठेवली. नियमित शिक्षक नेमला की पगार, वेतनवाढ, रजा सगळं द्यावं लागतं. कंत्राटात यातलं बरंचसं नाही. वीस हजारांत निवृत्त मिळाला तर तो, पंधरा हजारांत बेरोजगार मिळाला तर तो. आपण एकमेकांशी भांडत राहिलो तर दर आणखी उतरेल.

उर्दू माध्यमात हे जास्त टोचतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या जागांना उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत आणि त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. आरक्षण काढा असं मी मुळीच म्हणत नाही. दलित-आदिवासी बांधवांचा तो हक्क आहे आणि तो मोडून आपलं भलं होणार नाही. पण उमेदवार नसेल तर वर्गातल्या पोरांचं काय, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं. ते मिळत नाही, मग दोन वर्ग एकत्र बसतात.

आणि आपल्या घरातलंही बोलूया. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षक निवडण्याचं बरंच स्वातंत्र्य आहे. तिथे सरकारकडे बोट दाखवून सुटका नाही. ट्रस्टींच्या मर्जीतले निवृत्त हेडमास्तर ‘सल्लागार’ म्हणून खुर्चीवर कायम आणि नव्या शिक्षिकेला कागदावर एक पगार, हातात दुसरा, हे मी जवळून पाहिलं आहे. जुम्म्याला कामगाराच्या हक्कावर बयान ऐकायचं आणि शनिवारी तिच्याकडून कोऱ्या पावतीवर सही घ्यायची?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या तालुक्यातल्या उर्दू शाळांत मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि त्यांचं वय व मानधन काय, हे माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. आपल्या गावच्या संस्थेकडेही हेच चार आकडे मागा. आणि तो अर्ज घेऊन जाताना एखाद्या निवृत्त सरांना सोबत न्या. कार्यालयातला कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.