उतरंडीचा प्रवास

आपल्या जुन्या घरांतून माजघराच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड असे. खालीं मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडकें, असें करीत शेवटीं मूठभर जिनसेचें गाडगें. ती जागची हलवावयाची झाल्यास कोणीहि उभीच्या उभी उचलीत नसे. वरून एकेक भांडें उतरवून नव्या जागीं पुन्हां रचीत. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नांत मजल्यांचा केक जुनाच आहे. आतां तो आपल्याहि स्वागतसमारंभांत व साठीशांतीस येऊं लागला आहे, आणि आमच्या कित्येक भगिनी तो घरीं करून विकतात. त्यांच्यासाठीं हें टिपण. (अंड्याचा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरीं सोडवावा. अंड्यावांचून केलेले केकहि तितकेच ढासळतात.)

मडकें भाजून कठीण झालेलें असतें. केक पडला मऊ. वरच्या थराचा भार खालच्या थरावर पडूंच द्यावयाचा नाहीं, हें यांतील मुख्य शास्त्र. वाड्यांत माडीचें ओझें खांब-तुळया वाहतात, तसेंच येथें. प्रत्येक थराखालीं त्याच्या घेराचा जाड पुठ्ठा असावा. आणि खालच्या थरांत, वरच्या पुठ्ठ्याच्या घेराच्या आंत, चार-पांच लाकडी काड्या किंवा जाड नळ्या उभ्या रोवाव्या. त्या थराच्या उंचीइतक्याच व परस्परांशीं अगदीं समान कापाव्या. एक जरी गव्हाभर उंच राहिली, तरी वरचा मजला कलतो. याखेरीज खालच्या पाटांत घट्ट बसविलेली एक लांब काडी सर्व थरांच्या मधून आरपार न्यावी. ही वरच्या थरांस घसरूं देत नाहीं, परंतु भार पेलीत नाहीं. ती आहे म्हणून बाकीच्या गाळणें हा अविचार होय.

विलायतेंतील जुना केक सुक्या मेव्यानें घट्ट, आणि वरचें साखरेचें कवच गिलाव्यासारखें कठीण. तरीहि २०११ सालीं राजपुत्र विल्यम यांच्या विवाहाचा ८ थरांचा केक राजवाड्यांतच रचण्यांत आला. आपल्याकडे मागणी लोण्याच्या मऊ लेपाची, आणि हवा वैशाखाची! लोणी सुमारें ३२ ते ३५ अंशांवर वितळतें. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत याहून पुष्कळ अधिक उष्मा होतो. म्हणून केक रात्रभर शीतकपाटांत ठेवून घट्ट करावा व मोटार आधीं गार करून घ्यावी. साखरेच्या पोळीनें मढविलेल्या केकावर पावसाळ्यांत दंव धरतें. तें पुसूं नये; पेटी कांहीं वेळ मिटलेलीच ठेवावी.

मोटारींतील बैठक मागें उतरती असते, तेव्हां केक तेथें ठेवूं नये. मांडीवर तर नकोच. मागील सामानाच्या सपाट जागेंत, खालीं रबरी जाळी अंथरून, पेटी ठेवावी. गाडी एकदम थांबली तरी केक पुढें जाऊं पाहतो. जडत्वाचा हा नियम आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें घोकून घेतला. घाट उतरावयाचा असल्यास थर निरनिराळ्या पेट्यांतूनच न्यावे. साखरेचीं फुलें तेथें गेल्यावर लावावीं, आणि थोडा लेप व एक सुरी बरोबर असूं द्यावी.

खरी अडचण पुढेंच आहे. गिऱ्हाईक म्हणतें, “आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल,” आणि मुलगा येतो दुचाकीवर. भिडेस्तव केक दिला जातो, वाटेंत मोडतो. दोष करणारणीच्या माथीं, पैसे परत, शिवाय नात्यागोत्यांत बोलबाला. माझें मत स्पष्ट आहे. उंच केक करणारणीनें स्वतःच पोंचवावा, त्याचें मोल निराळें व आगाऊ घ्यावें, आणि स्वाधीन करतेवेळीं छायाचित्र काढून ठेवावें. गिऱ्हाईक हटूनच बसलें तर थर सुटे द्यावे. घरच्या कर्त्या पुरुषांनींहि त्या दिवशीं मोटार दुसऱ्या कामास अडवूं नये. सुनेच्या दोन दिवसांच्या श्रमांस ‘तिचा छंद’ म्हणण्याची रीत मला पसंत नाहीं. त्या छंदावर नातवाची शाळेची फी भरली जाते, हें अनेक घरांतून मीं पाहिलें आहे.

कार्यालय कितव्या मजल्यावर आहे, उद्वाहनांत पेटी मावते कीं नाहीं, आणि केकाचें मेज पंख्याखालीं अथवा होमाच्या धगीजवळ तर मांडलेलें नाहीं ना, हें आदल्या दिवशींच विचारून घ्यावें.