'आर्ग्युमेंट करू नका'

शिरूर आणि दौंडच्या न्यायालयांच्या आवारात 'आर्ग्युमेंट' हा शब्द मानाने वावरतो. 'आर्ग्युमेंट झालं, आता निकालाची तारीख' असे खेड्यातला पक्षकारही सहज म्हणतो. तिथे त्याचा अर्थ युक्तिवाद. तोच शब्द महाविद्यालयाच्या फाटकातून आत आला की आरोप बनतो. 'सरांशी आर्ग्युमेंट केलं' ही विद्यार्थ्याविरुद्धची तक्रार असते आणि 'मुलगी फार आर्ग्यू करते' हा स्थळाबद्दलचा प्रतिकूल शेरा. वकिलाने केले तर कर्तव्य आणि विद्यार्थ्याने केला तर उद्धटपणा, हा भेद आम्हाला मान्य नाही. आणि आमचा आक्षेप केवळ भाषाशुद्धीचा नाही.

इंग्रजीत या शब्दाचे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात: कारणे देऊन केलेले प्रतिपादन आणि शब्दाने शब्द वाढून झालेले भांडण. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ स्पष्ट करणे, सिद्ध करणे असा होता. त्याच्याच दूरच्या कुळात आपले 'अर्जुन' आणि 'रजत' हे शुभ्रतावाचक शब्द येतात. मराठी बोलण्यात मात्र न्यायालयाबाहेर आपण दुसरा, हलका अर्थ तेवढा उचलला.

यावर कोणी म्हणेल, उसन्या शब्दांचे असे होतेच. होते खरे, आणि आपल्याकडे ते पूर्वीही झाले आहे. अरबीत 'हुज्जत' म्हणजे पुरावा, प्रमाण; मराठीत ती निव्वळ कटकट झाली. घरच्या शब्दाचीही तीच गत. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्यनिर्णयासाठी 'वाद', जिंकण्यासाठी 'जल्प' आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडण्यासाठी 'वितंडा'. आपण जल्प विसरलो, वितंडा तेवढी लक्षात ठेवली आणि वादाला तिच्याच पंगतीत बसवले. क्रियापदेच पाहावीत. युक्तिवाद 'मांडतात', वाद मात्र 'घालतात', जसा धिंगाणा घालतात तसा. ही घसरण आपोआप होते असे आम्हाला वाटत नाही. ज्याला उत्तर द्यायचे नसते तो प्रश्नालाच हुज्जत म्हणतो, आणि खुर्ची त्याची असल्यामुळे शब्दाचा अर्थही त्याचाच चालतो.

याच परिसराने याची किंमत एकदा मोजली आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखाचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी दौंडशेजारच्या सुपे गावी बाजारात दंगा उसळला आणि पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. कर्जाचे दावे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी निकाली निघत. ऋणको न्यायालयात पोचत नसे, त्याचे म्हणणे नोंदले जात नसे. बोलत होता तो फक्त कागद. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन चौकशी करणे न्यायालयावर बंधनकारक केले. म्हणजे शेतकऱ्याला 'आर्ग्युमेंट' मिळाले, ते रोखे जळाल्यानंतर.

आज रोखे जळत नाहीत, पण संस्थांच्या वार्षिक सभांत ठराव वाचून होण्याआधीच 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो, आणि उसाच्या भावाचा हिशेब विचारायला उठलेल्या सभासदाला 'इथं वाद नको' म्हणून खाली बसवले जाते. २००७ मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे भांडण गावातच मिटावे हा तिचा हेतू चांगलाच होता. पण तंटा आणि वाद एक नव्हेत. तंटा मिटवायचा असतो. वाद दोन्ही बाजू ऐकून निर्णयापर्यंत न्यायचा असतो. हा फरक पुसला की तंटामुक्त गाव म्हणजे प्रश्नमुक्त गाव, असा सोयीचा अर्थ पुढाऱ्यांना आयताच मिळतो.

आमच्या व्यवसायातला विरोधाभास तर हास्यास्पद आहे. प्रश्नपत्रिकेत 'साधकबाधक चर्चा करा' असे छापायचे, आणि वर्गात कोणी बाधक बाजू मांडली की त्याला आर्ग्युमेंट म्हणून गप्प करायचे! शिस्त हवी, हे आम्ही नाकारत नाही. आवाज चढवणाऱ्याला जरूर थांबवावे, परंतु त्याच्या आवाजासाठी. त्याच्या कारणांसाठी नव्हे. आरडाओरड्याला भांडण म्हणावे, आडमुठेपणाला वितंडवाद म्हणावे. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. जो कारण देतो आणि कारण मागतो, त्याच्या कृतीला मात्र युक्तिवादच म्हटले पाहिजे, मग तो काळ्या कोटात असो की मागच्या बाकावर.