वक्तृत्वाचे वर्ग आणि सभेतला प्रश्न

परीक्षा संपल्या की शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ आणि ‘नेतृत्वगुण’ यांच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. उभे कसे राहावे, हात कोठे ठेवावेत, आवाज कोठे चढवावा हे तेथे फी घेऊन शिकविले जाते. हे सारे निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी चारचौघांत तोंड उघडलेले नाही, त्या घरातील मुलगी न अडखळता व्यासपीठावरून बोलू लागली तर ती लहान गोष्ट नव्हे. आमचा आक्षेप आहे तो बोलणे आणि बोलण्याचा विषय यांची फारकत करण्याला. सोमवारी शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि मंगळवारी जीवनातील विनोदाचे स्थान, या दोन्हींवर सारख्याच आवेशाने पाच मिनिटे बोलणारा विद्यार्थी या वर्गांतून तयार होतो. त्या पाच मिनिटांत त्याला कोणी अडवीत नाही आणि नंतर कोणी जाब विचारीत नाही. परीक्षक गुण देतात, ढाल मिळते, विषय तेथेच संपतो.

याउलट, ज्या भाषणाने देशाला विचार करावयास लावले असे एक उदाहरण आपल्या चळवळीच्याच इतिहासात आहे. १९६३ साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, नेहरू सरकारवरील अविश्वासाच्या ठरावावर लोकसभेत बोलले. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. पंतप्रधानांचे उत्तर होते पंधरा आणे. पंधरा आणे ही देशाची सरासरी होती आणि सरासरीत गिरणीमालक व भूमिहीन मजूर एकाच पंगतीला बसविलेले असतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. लोहियांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. वाद वाढत गेला आणि सरकार पक्षाकडूनच खालच्या थरासाठी साडेसात आण्यांचा आकडा पुढे आला. तीन आण्यांचा हिशेब काटेकोर होता की नाही यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. त्या भाषणातील एखादी उपमा आज क्वचितच कोणाला आठवत असेल. तीन आणे मात्र विसरले गेलेले नाहीत. सभागृहात समोरून उत्तर येणार आणि त्या उत्तरालाही उत्तर द्यावे लागणार, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती तयारी होती.

अशी तयारी पदवीधरांचीच मिरास आहे असेही नाही. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. मागणी आठवड्याच्या सुटीची होती. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी ती मान्य केली. वक्तृत्वाचा वर्ग त्या स्त्रियांनी पाहिला नव्हता. परंतु आपण काय मागतो आहोत आणि ते का मागतो आहोत हे त्यांना कोणी लिहून द्यावे लागले नसणार.

विद्यार्थ्याला हे शिकण्याची जागा महाविद्यालयातच होती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींची थेट निवडणूक जाऊन गुणवत्तेवर निवड आली. निवडणुकीतील हाणामाऱ्या खऱ्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुणपत्रिकेवर निवडलेल्या प्रतिनिधीला मते मागावी लागत नाहीत, आणि वर्षअखेरीस हिशेबही द्यावा लागत नाही. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या निवडणुका घेण्याचे ठरले आणि पुन्हा त्या लांबणीवर टाकण्यात आल्या. नेतृत्वगुणांचे वर्ग भरवण्यात तत्पर असणाऱ्या संस्थाचालकांनी या लांबणीबद्दल फारशी खंत व्यक्त केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

परंतु बोट केवळ त्यांच्याकडेच का दाखवावे? आपल्या शिबिरांतही तेच पाच-सहा वक्ते, तेच लांबलेले प्रास्ताविक आणि मुलींकडे स्वागतगीत! शंकासमाधानाचे सत्र जेवणाची घंटा होईपर्यंत पुढे ढकलले जाते. मग तरुण आपल्याकडे येत नाहीत म्हणून आपण खेद करतो.

दिवाळीच्या सुटीतील शिबिरांसाठी आमची एक सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे आधी महिनाभर एकच प्रश्न सोपवावा. वसतिगृहाच्या खाणावळीचा हिशेब, शिष्यवृत्ती हातात पडायला लागलेले महिने, गावाहून महाविद्यालयात येणाऱ्या एस. टी. च्या फेऱ्या, रेशन दुकानावरील तूट, यांपैकी काहीही चालेल. त्याने स्वतः रांगेत उभे राहावे, माणसांचे ऐकून घ्यावे, आकडे वहीत उतरवावेत. शिबिरात त्याने दहा मिनिटे बोलावे आणि वीस मिनिटे प्रश्नांना तोंड द्यावे. श्रोत्यांत त्या रांगेतील चार माणसे आवर्जून बोलवावीत. आकडा चुकला तर तीच त्याला टोकतील. मुलगी बोलणार असेल तर वेळ तेवढाच द्यावा, प्रश्नही तेवढेच कडक विचारावेत. आणि ही वीस मिनिटे अध्यक्षीय समारोपात खर्ची पडणार नाहीत याकडे जिल्हा शाखांनी जातीने लक्ष द्यावे.