पीट दाबली म्हणून पाप दाबलं जात नाही!



गेल्या आठवड्यात आम्हा ग्राहकांच्या बैठकीत एक तेलव्यापारी पत्रकं वाटून गेले. म्हणे मलेशियातल्या सारावाकमध्ये पीटची जमीन यंत्रांनी दाबून मगच पाम लावतात, त्यामुळे तिच्यातून कार्बन निघत नाही, निर्धास्त तळा! आणि आपल्यातल्याच काहींनी माना डोलावल्या. त्याची लाज वाटली म्हणून हे आवाहन.

पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला झाडोरा. लागवडीसाठी आधी चर खणून पाणी काढतात. पाणी उतरलं की हवा शिरते, साठा कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मग भुसभुशीत जमिनीत पाम कलंडू नयेत म्हणून वरून यंत्रं फिरवतात. दाबल्याने मोठी छिद्रं मिटतात, ओल टिकते, हवा कमी शिरते, हे खरं. पण चर वाहतेच राहतात, त्याचं काय? हवा कोंडली तर मिथेन तयार होतो. वर युरिया पडला की नायट्रस ऑक्साइड, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. पत्रकात याचं नावही नाही!

निचरा केलेल्या पीटवरच्या पाममळ्यातून आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या हिशोबाने हेक्टरी वर्षाला सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड निघतो. २०१५ च्या आगींत इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळाले, त्यात पीटही होतीच. सारावाकमधल्याच कुचिंग शहरात २०१६ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय पीट परिषदेनंतर पीटवरची शेती निर्धोक ठरवणाऱ्या दाव्यांना १३९ तज्ज्ञांनी जाहीर हरकत घेतली. तीच थाप आज आपल्या दारात.

‘तिकडच्या दलदलीचं आपल्याला काय?’ असं विचारणाऱ्यांनी फरसाणाच्या पुडीची मागची बाजू वाचावी. पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारतच आहे.

तेव्हा दिवाळीच्या फराळाआधी एवढं कराच. पुडीवर ‘पामोलीन’ शोधा. दुकानदाराला, फरसाणवाल्याला विचारा, तेल कुठल्या जमिनीवरचं? आरएसपीओ या पाम तेलाच्या प्रमाणपत्राने नोव्हेंबर २०१८ नंतर पीटवर नवी लागवड वर्ज्य केली आहे, दाबलेली असो वा नसो. ते प्रमाणपत्र मागा. उत्तर मिळालं नाही तर शेंगदाणा, करडई घ्या. महाग पडेल? मग कमी तळा.

‘याने काय होणार?’ म्हणाल, तर वजनकाटे तपासायला आम्ही बाजारात उतरलो तेव्हाही लोक हसले होते. काटे मात्र बदलले. कंपन्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. रविवारी सकाळी दहाला सहीला या, घरातली एक रिकामी पुडी घेऊन.