विश्लेषण : ग्रामपंचायतीचे इंटरनेट बंद पडले, हे वर कळते कसे?

खोडद (ता. जुन्नर) येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीला जोडलेल्या आहेत. कोणती अँटेना कुठे वळली, कोणती अडली, हे पाहायला कोणी बांधाबांधाने फिरत नाही. आज्ञा नियंत्रण कक्षातून जातात आणि स्थिती तिथेच परत येते. ‘भारतनेट’मधून गावोगावी गेलेले फायबरही असेच एका जागेवरून सांभाळण्याची सोय आहे. त्या सोयीचा गावाला उपयोग किती, हा प्रश्न वेगळा.

हजेरी कशी घेतली जाते?

नेटवर्क व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी प्रत्येक स्विचला विचारते : सुरू आहेस का, कोणते पोर्ट चालू, डेटा किती गेला, चुका किती? ही विचारपूस बहुतेक ठिकाणी १९८८ मध्ये आलेल्या ‘एसएनएमपी’ या पद्धतीने होते. बिघाड झाला तर स्विच स्वतःहूनही इशारा पाठवतो, त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. पण साध्या ट्रॅपची पोच मिळत नाही, तो वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून हजेरी सुटत नाही.

वीज गेली की फायबर तुटले?

भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात पंचायतीत ‘ओएनटी’ ही छोटी पेटी बसवली गेली. तिची वीज जाते, तेव्हा आत साठलेल्या किंचित ऊर्जेवर ती शेवटचा संदेश पाठवू शकते. अभियंते त्याला ‘डाइंग गॅस्प’, म्हणजे अखेरचा श्वास म्हणतात. तो आला, तर वीज गेली. तो न येता पेटी गप्प झाली, तर जेसीबीने फायबर तोडल्याची शक्यता मोठी. एका ठिकाणी बॅटरी पाहायची, दुसऱ्या ठिकाणी जोडणी पथक पाठवायचे. ‘नेट नाही’ एवढेच ऐकून हात हलवत परतणाऱ्या गावकऱ्याला यातले काही सांगितले जात नाही.

दुरून सेटिंग बदलताना

शंभर स्विचवर हाताने आज्ञा टाइप केल्या की कुठेतरी चूक होणारच. सॉफ्टवेअर एकच साचा सगळीकडे पाठवते आणि जुनी प्रत जपून ठेवते. धोका एवढाच की चुकीच्या बदलाने स्वतःचाच रस्ता बंद होतो आणि मग घोडेगावहून आहुप्यापर्यंत घाट चढून जावे लागते. ‘नेटकॉन्फ’ पद्धतीत यावर तोडगा आहे. बदलाला मुदतीत, साधारणपणे १० मिनिटांत, दुजोरा दिला नाही तर उपकरण आपोआप जुन्या सेटिंगवर परतते. (एसएनएमपीचा ‘पब्लिक’ हा जगजाहीर सांकेतिक शब्द मात्र आधी बदलायला हवा. जुन्या आवृत्त्यांत तो उघडाच प्रवास करतो, तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणे आणि मजकूर कूटबद्ध करणे या दोन्ही सोयी आहेत.)

आंबेगावला हे का लागू?

३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. त्या दिवशीची हजेरी त्याच्या फेरीने घेतली. पेटीने दरड थांबत नाही आणि एक पेटी गप्प होण्याला शंभर साधी कारणे असतात. पण अतिवृष्टीत एकाच खोऱ्यातल्या तीन-चार पेट्या अखेरचा श्वासही न देता गप्प झाल्या, तर तो केवळ दूरसंचार खात्याचा निरोप राहत नाही. असा इशारा तहसीलच्या आपत्ती कक्षातही वाजला पाहिजे. पंचायतनिहाय ‘सुरू, बंद आणि कारण’ अशी यादी लोकांसाठीही खुली हवी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. ही माहिती सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आधीच येऊ शकते, फक्त तो पडदा घोडेगाव आणि जुन्नरकडेही वळवायचा आहे.