घरात बॅटरी आहे, गच्चीवरच्या बॉक्सचं काय?

पुण्याजवळच्या दिघीतल्या किती घरांत आज नोकरी, शाळा आणि कॉलेज एकाच राउटरवर चालतं! म्हणून लाइट गेल्यावर नेट चालू राहणं ही चैन समजू नये.

१. लाइट जाणार हे धरूनच चालावं. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, ते निदान आधी कळतं. पण ६ एप्रिल २०२२ च्या पहाटे धुकं आणि दवामुळे महापारेषणच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मोठ्या भागाची वीज गेली. तेव्हा गल्लीतला वायरमन काय करणार?

२. घरातली सोय सोपी आहे. राउटर साधारण दहा-बारा वॅट खातो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर बॅकअप दोघांनाही हवा.

३. खरी गोम घराबाहेर आहे. फायबरच्या वाटेवरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. पण अनेक केबलवाल्यांचा सिग्नल पाठवणारा, विजेवर चालणारा बॉक्स कुणाच्या तरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, घरमालकाच्या सॉकेटवर असतो. तो बंद पडला की घरात राउटर चालू दिसतो, पण एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. अशा वेळी तुमच्या बॅटरीला दोष देऊ नका.

४. म्हणून ऑपरेटरने प्रत्येक बॉक्सला किमान चार तासांची बॅटरी द्यावी आणि ती वेळच्या वेळी बदलावी. पैसे तो पूर्ण महिन्याचे घेतो. नवं कनेक्शन घेताना दराआधी हेच विचारा.

५. सोसायट्यांनी लिफ्टच्या जनरेटरवर या बॉक्ससाठी एक सॉकेट काढून द्यावं. भार नगण्य आहे, वीजबिल ऑपरेटरकडून घ्यावं. छोट्या प्लॉटवरच्या चाळवजा घरांत जनरेटर नसतो. तिथले भाडेकरू भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पाळी करून रात्री ऑनलाइन शिकतात. त्यांच्या गल्लीत बॅटरी सगळ्यात आधी बसली पाहिजे.

६. येत्या गुरुवारी लाइट जाईल तिथे, कुठल्या गल्लीत लाल दिवा लागतो ते परिसराच्या ग्रुपवर लिहा. ती यादी सगळ्यांनी मिळून ऑपरेटरच्या ऑफिसात द्या. एकट्याने फोन केला तर ‘लाइट आली की येईल’ एवढंच ऐकायला मिळतं.